रक्तातली आठवण आणि सांगितलेली आठवण

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात इतिहासाची साधने हा भाग शिकवत होतो. शिलालेख, ताम्रपट, दप्तरे, बखरी, मौखिक परंपरा असे नेहमीचे टप्पे घेत चाललो असता मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, एवढं सगळं कशाला? डायरेक्ट आत जाऊन बघता आलं तर? अ‍ॅनिमससारखं?" अर्धा वर्ग हसला. उरलेल्या अर्ध्या वर्गाला काही कळले नाही, आणि त्या अर्ध्यांत मीही होतो. तास संपल्यावर त्या मुलाला थांबवून घेतले आणि पुढचे दोन आठवडे मी त्याचा विद्यार्थी झालो. या लेखात अ‍ॅनिमसविषयी जे आहे ते बरेचसे त्याने शिकवलेले आहे. त्यावरचा विचार माझा आहे आणि त्याची जबाबदारीही माझीच.

अ‍ॅनिमस हे एक काल्पनिक यंत्र आहे. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या कॅनडातील माँट्रियल येथील शाखेने २००७ साली 'असॅसिन्स क्रीड' नावाचा व्हिडिओ गेम काढला, त्याच्या कथेचा सारा डोलारा या यंत्रावर उभा आहे. कथा थोडक्यात अशी. डेस्मंड माइल्स नावाचा एक दारूच्या गुत्त्यावरचा नोकर. अ‍ॅब्स्टर्गो नावाची एक बडी कंपनी त्याला पळवून नेते आणि मेजासारख्या एका यंत्रावर झोपवते. त्याच्याशी त्या कंपनीला काही कर्तव्य नसते. तिला हवा असतो त्याचा पूर्वज, ११९१ सालच्या धर्मयुद्धाच्या काळातला अल्तायर नावाचा मारेकरी. यंत्र डेस्मंडच्या डीएनएमधून त्या पूर्वजाच्या आठवणी काढते आणि डेस्मंड त्या जगू लागतो: जेरुसलेमच्या गच्च्यांवरून धावतो, दमास्कसच्या बाजारात गर्दीत मिसळतो. आपण खेळणारे पडद्यावर जे पाहतो ते ही आठवण. म्हणजे खेळातच आणखी एक खेळ आहे, आणि त्या आतल्या खेळाची प्रणाली म्हणजे अ‍ॅनिमस.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. सर्वसाधारण खेळात नायकाचा जीव कमी-जास्त होत असतो. येथे जी पट्टी कमी-जास्त होते ती जिवाची नसून ताळमेळाची आहे: तुमचे वागणे पूर्वजाच्या वागण्याशी किती जुळते आहे, याचे ते माप. तुम्ही वाटेवरच्या निरपराध माणसाला मारलेत तर यंत्र तुम्हाला बजावते की तुमच्या पूर्वजाने असे केले नव्हते. फारच वेगळे वागलात तर ताळमेळ तुटतो, चित्र विस्कटते आणि तुम्हाला मागे नेऊन पुन्हा सुरुवात करायला लावले जाते. पूर्वजाने जे केले तेच करायचे. त्याने न केलेले काही केलेत की तुम्ही बाहेर.

हे यंत्र आमच्या मुलांना का मोहवते, याचा आधी प्रामाणिक विचार केला पाहिजे. ज्यांच्या घरात कागद आहेत त्यांना यंत्राची गरज नाही. आमच्या आजीचे गाव मंगळवेढे तालुक्यातले. गावात दर दोन-तीन वर्षांनी हेळवी येई, बैलावर बसून. पाटलाच्या वाड्यासमोर थांबून तो घराण्याच्या दहा-बारा पिढ्यांची नावे सांगे, धान्य घेई, नव्या जन्मलेल्या मुलांची नावे वहीत चढवी. आमच्या वस्तीकडे त्याचा बैल कधी वळला नाही, असे आजी सांगे. माझ्या घरात पणजोबाच्या पलीकडचे नाव कोणालाच माहीत नाही. कॉलेजात शिकवू लागल्यावर एका सहकाऱ्याने सहज विचारले होते, "मूळचे तुम्ही कुठले?" मी गावाचे नाव सांगितले. "त्याच्या आधी?" या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अशा घरातल्या मुलाला कोणी सांगितले की तुझी वही तुझ्या रक्तातच आहे, ती कोणी जाळू शकत नाही आणि ती वाचायला हेळव्याची मिनतवारी नको, तर त्याचे डोळे चमकणारच. या मोहाला हसण्याचा अधिकार ज्यांच्या घरी वंशावळी टांगलेल्या आहेत त्यांना तर मुळीच नाही.

तरीही शास्त्र काय म्हणते ते स्पष्ट सांगितले पाहिजे. डीएनएमध्ये शरीर घडवण्याच्या सूचना असतात, प्रसंग नसतात. आजोबांनी कोणत्या विहिरीचे पाणी प्यायले हे तेथे नोंदलेले नसते. एक गोष्ट मात्र खरी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मनांनी अन्नपुरवठा रोखल्यामुळे हॉलंडच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. त्या काळात गर्भात आलेल्या मुलांच्या पेशींची सहा दशकांनी तपासणी केली तेव्हा त्यांच्या डीएनएवरील रासायनिक खुणा त्यांच्याच भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या. म्हणजे उपासमारीचा ठसा आयुष्यभर राहू शकतो. पण तो ठसा आहे, आठवण नव्हे. भूक होती एवढेच तो सांगेल. कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला होती हे सांगण्यासाठी माणूसच लागतो.

खरा प्रश्न शास्त्राचा नाहीच. माणसाचे काय आहे ते त्याच्या रक्तात आहे, ही कल्पना माँट्रियलच्या त्या गेमवाल्यांनी नव्याने काढलेली वाटेल; आम्हाला ती फार जुनी ओळखीची आहे. जन्मावरून माणसाचे गुण ठरतात, कर्म ठरते, त्याने कोठे राहावे आणि कोणाचे पाणी प्यावे हे ठरते, असे सांगणारी व्यवस्था म्हणजे दुसरे काय? पूर्वजाने जे केले तेच करायचे, वेगळे केले की बाहेर, हा अ‍ॅनिमसचा नियम वाचताना मला तर गावगाड्याचा नियम वाचल्यासारखे वाटले.

आणि सोलापुरात तर या कल्पनेला काटेरी तारेचे कुंपण घालून दाखवलेले आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई इलाखाही त्याखाली आला. काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवण्यात आल्या. त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, परवान्यावाचून हद्द ओलांडू द्यायची नाही, मुलांना आईबापांपासून वेगळे करून ठेवण्याचाही अधिकार सरकारला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची कुटुंबे ठेवण्यात आली आणि त्यांतल्या हातांना येथल्या कापडगिरण्यांत कामाला लावण्यात आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण शहरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव टिकून आहे. स्वातंत्र्यसुद्धा पत्त्याला जोडूनच सांगावे लागते.

त्या कॉलनीतला एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. अ‍ॅनिमसची चर्चा रंगली तेव्हा बाकीची मुले आपण कोणत्या पूर्वजाच्या आठवणीत जाऊ हे सांगत होती. कोणी शिवाजी महाराजांच्या मावळ्यांत गेले, कोणी संभाजीराजांबरोबर. त्याला विचारले तर तो म्हणाला, "आमच्या रक्तात काय आहे ते पोलिसांनी आधीच लिहून ठेवलंय सर. मशीन कशाला पाहिजे?" वर्ग गप्प झाला. मीही पुढे काही बोलू शकलो नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेल्या कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहण्याच्या वृत्तीवरही बोट ठेवले. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे लोटल्यावर हे सांगावे लागले, यावरून त्या रक्ताच्या वहीची शाई किती पक्की आहे ते दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वहीवर कधीच विश्वास ठेवला नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात, अस्पृश्यता वंशभेदातून निर्माण झाली या मताचा त्यांनी त्या काळच्या शरीरमापनशास्त्राच्याच आकड्यांनी समाचार घेतला आहे. नाकाची मापे घ्या आणि पाहा, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही, असा तो प्रतिवाद आहे. मग उत्पत्ती शोधायची कशी? त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते सांगतात की जेथे प्रत्यक्ष पुरावा मिळत नाही तेथे उपलब्ध दुव्यांवरून, तर्काने आणि संयमित कल्पनाशक्तीने तुटलेली साखळी जोडण्याचा इतिहासकाराला अधिकार आहे. त्यांचा प्रत्येक निष्कर्ष आज मान्य होईलच असे नाही. पण पद्धत पाहावी. पुरावा मांडायचा, अनुमान करायचे आणि दुसऱ्याला ते खोडता येईल अशा रीतीने लिहायचे. यंत्राने दाखवलेली आठवण कोणी खोडणार कशी? ती 'खरी' म्हणूनच समोर येते. माझ्या मते अ‍ॅनिमसच्या कल्पनेतला सर्वांत धोकादायक भाग हाच आहे.

भीमा कोरेगावचेच घ्या. १ जानेवारी १८१८च्या लढाईचा स्तंभ तेथे उभा होता, त्यावर पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेली होती. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ती महार सैनिकांची. ही आठवण कोणाच्या रक्तातून वर आली नाही. कोणीतरी त्या दगडासमोर उभे राहून ती नावे वाचली, शेवटची दोन अक्षरे ओळखली आणि इतरांना सांगितली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले. वाचता येणारा माणूस आला आणि दगड बोलू लागला.

यंत्राच्या बाजूने एक गोष्ट आमच्या जिल्ह्यातच सापडते हे मान्य केले पाहिजे. मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळून चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले, ही १३३८ सालची हकीकत सांगितली जाते. पुढे नामदेव त्यांच्या अस्थी शोधायला आले. ढिगाऱ्यात हाडे तर सगळ्यांचीच होती. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे ओळखून त्यांनी ती पंढरपूरला नेली आणि महाद्वाराच्या पायरीजवळ समाधी बांधली. हाडात आठवण असते, असे म्हणणारी ही कथा. योगायोग असा की अ‍ॅनिमसच्या मालिकेतही २०१७च्या भागात, इजिप्तमध्ये, एक संशोधिका थडग्यातल्या ममींच्या डीएनएवरून दोन हजार वर्षांपूर्वीचे आयुष्य पाहते. मला मात्र चोखोबांच्या कथेत दुसराच प्रश्न पडतो. त्याच भिंतीखाली जे इतर मजूर मेले त्यांच्या हाडांना विठ्ठलाचे नाव येत नव्हते, म्हणून ती तेथेच राहिली. त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? आणि ज्यांची हाडे ओळखू आली त्यांनाही जागा मिळाली ती दाराबाहेर. आतले दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण यावे लागले.

यंत्राची मालकी कोणाकडे, हा विषय खुद्द त्या गेमच्या कर्त्यांनीच काढला आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. २०१३च्या भागात अ‍ॅब्स्टर्गोने आठवणींचा धंदाच उघडलेला दाखवला आहे. डेस्मंड मेलेला आहे, त्याच्या शरीराचे नमुने कंपनीकडे आहेत, आणि पगारी नोकर त्याच्या पूर्वजांच्या आठवणी जगून त्यातून करमणुकीचा माल तयार करतात. आता वंशज असण्याचीही गरज उरलेली नाही. एकाचे रक्त, दुसऱ्याचा पगार, तिसऱ्याचा नफा! आपल्या लोककलांचे आणि आत्मकथनांचे आज काही ठिकाणी जे चालले आहे त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्याच वर्षी निघालेल्या एका चित्रकथेत यंत्राची भारतीय आवृत्ती आहे, एका काल्पनिक कंपनीने काढलेली. तिचे नाव काय असावे? 'ब्रह्मन्'. नाव तत्त्वज्ञानातले आहे, वर्णाचे नव्हे, हे मला कळते. तरी आठवणींचा खजिना ज्याच्या हाती त्याचे नाव परदेशातल्या लेखकांनाही हेच सुचावे, याची गंमत वाटली.

या मालिकेचा एक भाग गुलामगिरीवर आहे. अदेवाले नावाचा, गुलाम म्हणून जन्मलेला कृष्णवर्णीय नायक अठराव्या शतकातल्या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, मळ्यांवरच्या गुलामांना सोडवतो. हेतू चांगलाच. पण खेळाचा हिशोब असा की सोडवलेल्या गुलामांची संख्या वाढत गेली की नायकाला अधिक चांगली हत्यारे मिळतात. मुक्त झालेला माणूस पुन्हा एक आकडाच होतो. खेळाला बक्षीस द्यावेच लागते आणि बक्षीस मोजावेच लागते, ही या माध्यमाची अडचण आहे. २०१८ साली याच कंपनीने मारामारी काढून टाकून नुसती प्राचीन इजिप्तची सफर घडवणारी आवृत्ती काढली, शिक्षकांना वर्गात वापरता यावी म्हणून. ती मी पाहिली आणि मला आवडली. तेथे कोणाच्याही रक्ताचा दावा नाही. हे आम्हाला अशा पुराव्यावरून असे वाटते, इतकेच ती सांगते.

ताळमेळाच्या नियमाकडे पुन्हा येतो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जी माणसे उतरली त्यांच्या पूर्वजांनी ते पाणी कधी प्यायले नव्हते. अ‍ॅनिमसच्या भाषेत बोलायचे तर ओंजळ भरताच ताळमेळ तुटला असता, चित्र विस्कटले असते आणि यंत्राने त्यांना तळ्याच्या काठावर परत नेऊन उभे केले असते. आपल्या चळवळीचा इतिहास हा पूर्वजांसारखे न वागण्याचा इतिहास आहे. अशा इतिहासाची आठवण ठेवायला हे यंत्र मुळातच निरुपयोगी आहे.

या यंत्राची आणखी एक अट त्या विद्यार्थ्याने सांगितली तेव्हा मी वहीत लिहून घेतली. पूर्वजाची आठवण वंशजाला मिळते ती पुढच्या मुलाचा गर्भ राहीपर्यंतचीच. त्यानंतरचे त्याचे आयुष्य त्या मुलाच्या रक्तात जाणार कसे? तर्क बिनचूक आहे. म्हणजे ज्यांना मूल झाले नाही त्यांची आठवण नाही. म्हातारपण नाही. मरण नाही. मी माझ्या घरचा हिशोब करून पाहिला. माझे वडील आजीचे सर्वांत धाकटे, १९७२च्या दुष्काळात नऊ वर्षांचे. तेव्हा आजी खडी फोडायच्या कामावर जात होती. यंत्राच्या नियमाने आजीचा तो दुष्काळ माझ्या रक्तात आलेलाच नाही. तो माझ्याकडे आला तो केवळ तिने सांगितला म्हणून, विड्या वळणाऱ्या माझ्या आईच्या शेजारी बसून, पाने कातरता कातरता.

आणि सांगणाऱ्याला न सांगण्याचाही अधिकार असतो. दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' लिहिले तेव्हा दगडू मारुती पवार सांगतो आहे आणि दया पवार ऐकतो आहे अशी रचना केली. एकाच माणसाची दोन माणसे. मागचे आयुष्य परत जगणे म्हणजे काय यातना असतात हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ही रचना सुचते. गेममध्येही, यंत्रात फार काळ राहिलेल्यांच्या जागेपणी पूर्वजांच्या आठवणी झिरपू लागतात आणि एक जण त्यात वेडा होतो. तेथे तो कथेतला थरार आहे. आमच्या वस्त्यांत झोपेत दचकून उठणाऱ्या म्हाताऱ्या बाया मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्यांना कोणत्याही यंत्रावर झोपवलेले नव्हते.

आजी २०१९ साली गेली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी मोबाइलवर तिचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. ती सुकडीबद्दल बोलते, लाल मिलोच्या भाकरी कशा तुटत ते सांगते, मुकादम हजेरीला कोणाचे नाव आधी घेई त्याची नक्कल करते आणि स्वतःच हसते. मग कामावरच्या पाण्याच्या पिंपाची गोष्ट निघते. पिंप दोन होते, म्हणते. दुसऱ्या पिंपाजवळ एकदा काय झाले ते सांगायला ती सुरुवात करते, दोन वाक्ये बोलते, आणि थांबते. "ऱ्हाऊ दे ते. बंद कर तुझं." मी बंद केले नाही, गप्प बसून राहिलो, तिला वाटले बंद केले. त्यानंतर ती बोलली. ते मी ऐकले आहे, माझ्या बायकोलाही सांगितलेले नाही. ती फाइल अकरा मिनिटांची होती. आता ती सात मिनिटांची आहे.